परक्याचा गुडघा

वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा मी मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात नोकरीला होते. माझं काम काय, हे लोकांना सांगताना त्या काळी पंचाईत व्हायची. डॉक्टर नाही, नर्सही नाही. हाड जुळून आल्यावर, प्लास्टर काढल्यावर, जो हात किंवा पाय आपलं काम विसरलेला असतो त्याला ते पुन्हा शिकवायचं, असं मी सांगत असे. त्याचं शिक्षण मुंबईत नुकतंच कुठे सुरू झालं होतं, आणि मालवणातून मुलीला त्यासाठी धाडणारे बहुधा माझे वडील एकटेच. ते हायस्कुलात गणित शिकवत. माझ्या मामाने तेव्हा त्यांना विचारलं होतं, "भावोजी, चेडवाक हाडवैदीण करतलास काय?" वडील म्हणाले होते, "केलंय तर काय झाला? म्हातारपणी माकाच उपयोग."

तो उपयोग इतक्या लवकर होईल असं त्यांना वाटलं नसणार. निवृत्त होऊन वर्षही झालं नव्हतं. त्यांचं उजवं अंग गेलं आणि वाचा बहुतेक गेली. मी लांब रजा काढून बोटीने घरी आले. घरात आई एकटी. आल्यावर पहिल्या दिवशी मी वडिलांची खाट आतल्या काळोख्या खोलीतून पडवीत आणली, म्हणजे त्यांना रस्ता दिसेल, माणसं दिसतील. त्यांचा हात खांद्यापासून बोटांपर्यंत हलवायचा, पाय दुमडायचा, सरळ करायचा, बसायला शिकवायचं, असं सकाळ-संध्याकाळ चाललं होतं. वडील निमूटपणे सगळं करून घेत. गणिताच्या तासाला मुलांकडून त्यांनी जी शिस्त घेतली, ती आता स्वतः पाळत होते.

मास्तर आजारी आहेत हे कळल्यावर जुने विद्यार्थी भेटायला येत. त्यातलाच तो एक. मालवणहून आत जाताना कट्टा गाव लागतं, त्याच्या पलीकडच्या गावात त्यांची शेती होती, थोडे काजू, थोडं भात. तो तिथल्याच प्राथमिक शाळेत शिक्षक होता. हातात काठी होती. आमच्या पडवीला तीन उंच पायऱ्या. प्रत्येक पायरीवर तो उजवा पाय आधी टाकायचा आणि डावा मागून ओढून त्याच पायरीवर आणायचा. पंचविशीतला माणूस असा चढताना पाहिला आणि मला राहवलं नाही. वडिलांशी त्याचं बोलणं झाल्यावर मी विचारलं,

"डाव्या गुडघ्याला काय झालं तुमच्या?"

"खेळताना मुरगळला होता. आता बरा आहे."

"बरा आहे तर काठी कशाला?"

वडील हसले. त्यांचं हसू तेव्हा एकाच गालावर उमटत असे.

मग त्याने सांगितलं. तो हुतुतू खेळायचा. तालुक्यात त्याच्यासारखा चढाई करणारा नव्हता, हे त्याने नाही सांगितलं, ते मला पुढे दुसऱ्यांकडून कळलं. एका सामन्यात समोरच्या गड्याने त्याचा पाय धरून ठेवला आणि तो सुटण्यासाठी अंग टाकून वळला. अंग वळलं, गुडघा राहिला तिथेच. कोल्हापूरला नेऊन प्लास्टर घातलं. ते काढल्यावर गावातल्या जाणत्यांनी सांगितलं, आता पाय जपायचा, भार टाकायचा नाही. त्याने इमानाने जपला. आणि जितका जपला तितका तो पाय अधिक दुबळा झाला. आता उतारावरून चालताना गुडघा मध्येच दगा द्यायचा. शाळेतली पोरं त्याच्याकडे पाहून एकमेकांना कोपर मारतात, हेही त्याने सांगितलं, हसत हसत सांगितलं.

मी त्याला बाकावर बसवून लेंगा वर करायला लावला. आई दारात उभी होती. तिच्या चेहऱ्याकडे मी पाहिलं नाही, कारण पाहिलं असतं तर माझा हात अडला असता. मुंबईत दिवसभर मी हेच करत होते, तिथे कुणाला काही वाटत नसे. आमच्या पडवीत मात्र एका तरुण पुरुषाच्या उघड्या गुडघ्यावर माझा हात ठेवलेला होता आणि रस्त्याने जाणारी कोळीण क्षणभर थांबून पुढे गेली.

गुडघा तसा वाईट नव्हता. सूज नव्हती, पूर्ण दुमडतही होता. पण मांडी वाळून गेली होती. दोन्ही मांड्या शेजारी ठेवून पाहिल्या तर त्या एकाच माणसाच्या वाटू नयेत.

"तुमचा गुडघा गेलेला नाही," मी म्हटलं. "त्याला धरून ठेवणारी मांडी झोपली आहे. ती जागी केली तर तुम्ही पुन्हा खेळाल."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, उगाच बोललो आपण. आशा देणं सोपं असतं.

हे मी माझ्या पदरचं बोलत नव्हते. मुंबईत आमच्या विभागाचे जे सर होते त्यांना खेळाडूंच्या गुडघ्यांचा आणि घोट्यांचा ध्यास होता. गिरण्यांच्या संघांतले हुतुतूचे गडी, तालमीतले पैलवान, फुटबॉल खेळणारी पोरं असे सगळे त्यांच्याकडे यायचे, आणि रविवारी सर स्वतः मैदानांवर जाऊन बरे झालेल्यांना शोधायचे. कुणाचा गुडघा मैदानात परत उतरला, कुणाचा नाही, आणि का नाही, याची निरीक्षणं ते वर्षानुवर्षं जमवत होते. तेव्हाची रीत अशी की इतके आठवडे विश्रांती, मग खेळायला मोकळा. सर म्हणायचे, कॅलेंडर पाहून गुडघा बरा होत नाही. दुखऱ्या पायाची मांडी चांगल्या पायाच्या मांडीइतकी भरली, एका पायावर डोळे मिटून उभं राहता आलं, मगच मैदान. मी त्यांना कळवलं की इथे असा एक रुग्ण आहे. त्यांनी काय काय मोजून पाठवायचं ते सविस्तर लिहिलं.

मग तो शाळा सुटल्यावर एस.टी.ने मालवणला येऊ लागला.

सुरुवातीचा व्यायाम पाहणाऱ्याला व्यायाम वाटतच नाही. पाय सरळ ठेवून बसायचं आणि मांडी आवळायची, एवढंच. त्याची मांडी पहिल्या दिवशी आवळलीच जाईना. तो सगळा चेहरा आवळायचा, दात आवळायचा, मांडी तशीच. मी तिच्यावर बोटं ठेवून सांगत होते, इथे, इथे, माझ्या बोटांना ढकला. बऱ्याच वेळाने बोटांखाली काहीतरी थरथरलं. पाण्याखालून मासळी सरकावी तितकंच. मी म्हटलं, "आली." त्यालाही ते कळलं होतं. त्याच्या कपाळावरचा घाम मला आजही दिसतो.

पुढे पाय उचलायचा, मग पायाला वजन बांधून उचलायचा. मुंबईत आमच्याकडे त्यासाठी लोखंडी बूट होते. इथे आईने वडिलांच्या जुन्या खाकी पँटची पिशवी शिवून दिली आणि मी तिच्यात वाळू भरली. आईने ती पिशवी शिवली याचं मला फार बरं वाटलं होतं. तोवर ती त्याच्यासमोर चहाचा पेला ठेवून आत निघून जायची. पिशवीनंतर ती दारात बसून तांदूळ निवडू लागली. वडील खाटेवर, तो बाकावर. दोघांना मी एकदमच पाय उचलायला सांगायचे. वडिलांचा पाय वीतभर वर येऊन थरथरायचा. तो आपला पाय मुद्दाम तितकाच उचलून धरायचा आणि म्हणायचा, "मास्तर, तुम्ही खाली आणा मग मी आणतो." वडील ऐकायचे नाहीत. शाळेतल्यासारखी ती दोघांत पैज लागायची, आणि आई तोंडाला पदर लावून हसायची. त्या आजारपणाच्या घरात इतकं हसू मला अपेक्षित नव्हतं.

पावसाळा संपल्यावर मी त्याला किनाऱ्यावर नेलं. ओहोटीची ओली वाळू सडकेसारखी घट्ट असते, तिथे आधी चालणं. ते जमल्यावर वरची कोरडी, पाय रुतणारी वाळू. घट्ट जमिनीवर जो गुडघा धीट होतो तो मऊ वाळूत पुन्हा घाबरतो. त्याचा डावा घोटाही त्या पडण्यात सैल झाला होता, हे वाळूत कळलं. म्हणून एका पायावर उभं राहायचं, आधी डोळे उघडे ठेवून, मग मिटून. डोळे मिटले की तो कोसळायचा. रापणीच्या जाळ्यातली मासळी घ्यायला आलेल्या बायका टोपल्या घेऊन बसलेल्या असत. त्यांतली एक ओरडून म्हणाली, "मास्तरानू, बगळो झालास काय?" सगळा किनारा हसला. तोही हसला आणि पुन्हा एका पायावर उभा राहिला.

आम्ही दोघं तोवर एकमेकांशी पुस्तकी मराठीत बोलत होतो. तुम्ही, आपण, बरं का. तो मला बाई म्हणायचा, मी त्याला गुरुजी. एका संध्याकाळी मी त्याला पळता पळता एकदम वळायला सांगितलं. वळण्याची त्याला सगळ्यांत जास्त भीती होती, कारण गुडघा वळतानाच गेला होता. तो वळला, पाय रुतला, आणि गुडघा धरून खाली बसला. मी धावत गेले.

"दुखता गो," तो म्हणाला.

मी वाळूत बसून त्याचा गुडघा चाचपला. काही झालं नव्हतं, तो फक्त घाबरला होता. "काय जावंक नाय तुझ्या ढोपराक," मी म्हटलं. "ऊठ. परत वळ."

आणि तेव्हा आम्हा दोघांनाही कळलं की आपण काय बोललो. त्यानंतर बाई आणि गुरुजी गेले. दोघांत पुस्तकी मराठी पुन्हा येणार नाही असं मला त्या दिवशी वाटलं.

त्याने मला कधी काही म्हटलं असं नाही. मीही नाही. पण दुसऱ्यांचे स्नायू दाबून दाबून माझे अंगठे रात्री ठणकायचे, हे मुंबईत इतकी वर्षं राहून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, ते त्याच्या आलं. त्याने घरून कोकमाच्या तेलाचा गोळा आणला. "सगळ्यांची हाडा तू बघतस, तुझी कोण बघता?" असं म्हणून बाकावर ठेवला आणि पाय उचलायला लागला. तेवढंच. आईने ते ऐकलं. त्या रात्री तिने जेवताना वडिलांना विचारलं, "पोरगो कसो वाटता तुमका?" वडिलांच्या तोंडी तेव्हा चार-पाच शब्द परत आले होते. ते बराच वेळ ओठ जुळवत राहिले आणि म्हणाले, "बरो."

भातं कापून झाल्यावर कसालच्या शेतात सामने असायचे. सरांच्या नियमाप्रमाणे मी त्याच्या दोन्ही मांड्या मोजल्या, त्या सारख्या भरल्या. डोळे मिटून तो एका पायावर स्थिर उभा राहिला. वाळूत पळून, वळून, उडी मारून दाखवलं. मी त्याला खेळायला मोकळं केलं, आणि सामन्याच्या दिवशी वडिलांजवळ शेजारणीला बसवून आईला घेऊन कसालला गेले. मैदानाच्या कडेला थोड्याच बायका होत्या. त्यांत त्याची आई आली होती, आणि तो आम्हाला तिच्याजवळ बसवून गेला. बारीक अंगाची, उन्हाने करपलेली बाई. नवरा मुलाच्या लहानपणीच गेलेला, एकुलता एक मुलगा तिने शेतात राबून वाढवलेला. तिने माझ्यासाठी चटईवर जागा केली.

खेळ मला नीट आठवतच नाही, कारण मी त्याच्या गुडघ्याशिवाय काही पाहिलं नाही. तो चढाईला गेला की त्याचा तो हुतुतूचा सूर माझ्या छातीत भरायचा. एकदा समोरच्या दोघांनी त्याचा नेमका डावा पाय धरला. त्याची आई डोळे मिटून बसली. मी मिटले नाहीत. तो खाली पडला, पाय त्यांच्या हातात, आणि मग मी जे वाळूत शंभरदा करायला लावलं होतं तेच त्याने केलं, आधी पाऊल फिरवलं, मग गुडघा, मग अंग, आणि हात लांब करून रेषेला बोटं लावली. लोक आरडाओरडा करत मैदानात धावले. मी रडत होते. त्याची आई माझ्या पाठीवर हात फिरवत होती.

तो मातीने माखलेला आमच्यापाशी आला. मी तिथेच चटईवर, त्याच्या आईसमोर, त्याचा डावा पाय दोन्ही हातांत घेऊन गुडघा चाचपला. "माझा ढोपर माझा आयकता आता," एवढंच म्हणाला.

पुढच्या आठवड्यात त्याची आई मालवणला आमच्या घरी आली. ओले काजूगर नव्हते त्या दिवसांत, म्हणून सुके आणले होते, आणि भोपळा. तिने माझे दोन्ही हात धरून आपल्या कपाळाला लावले. "माझ्या झिलाक उभो केलंस गो बाय," ती म्हणाली. माझ्या आईला धीर आला तो त्यामुळेच. जात एक होती, वय जुळत होतं, मुलगा वडिलांचा विद्यार्थी. तिने मामाला बोलणं करायला पाठवलं. मला विचारलं होतं. मी हो म्हटलं होतं, आणि त्या दिवशी दिवसभर घरात काम करताना मला गाणं आठवत होतं.

मामा दुसऱ्या दिवशी दुपारी परत आला. पडवीत बसून त्याने पाणी मागितलं आणि पेला रिकामा केला. मग आईकडे पाहून बोलला, माझ्याकडे नाही.

"नाय म्हणता ती."

"कित्या?" आईने विचारलं.

"चेडू गुणाचा आसा म्हणता. उपकार जल्मभर विसरूची नाय म्हणता. पण..." मामा थांबला. "ती म्हणता, रोज परक्या पुरुषांचे पाय हातात घेता ती सून माका झेपाची नाय. माझ्या झिलाचो पाय तिणा कसो धरल्यान ता मी डोळ्यान बघलंय म्हणता. आज माझो झील होतो, फाल्या दुसरो कोण असतलो. गावात मी तोंड कसा दाखवू."

मामाला हे सांगताना आनंद झाला नव्हता. काही वर्षांपूर्वी हाडवैदीण म्हणून चेष्टा करणारा तो हाच मामा, पण त्या दुपारी तो मान खाली घालून बसला. आई रिकामा पेला उचलून आत गेली. वडिलांनी सगळं ऐकलं होतं. त्यांचा चांगला हात चादरीवर उघडझाप करत होता.

त्या बाईचा मला राग आला का? नंतर आला, पुष्कळ दिवस होता. त्या दुपारी नाही आला. ती खोटं काही बोलली नव्हती. मी त्याचा पाय खरंच प्रेमाने धरत होते, आणि इतक्या माणसांत ते एका तिनेच पाहिलं होतं. तिला वाटलं मी सगळ्यांचेच पाय तसे धरते.

तो चार दिवस आला नाही. पाचव्या दिवशी आला तेव्हा मी वडिलांचा हात वरखाली करत होते. आई आत होती. तो नेहमीच्या बाकावर बसला.

"आवस आयकणा नाय," तो म्हणाला.

"आणि तू?"

तो खाली बघत राहिला. "मी एकटो झील. तिणा माझ्यासाठी काय काय काढल्यान ता तुका म्हायत आसा." मग म्हणाला, "तू ह्या काम सोडलंस तर ती तयार होयत. मी सांगान तिका. लग्नानंतर ह्या काम करूची नाय म्हणान."

वडिलांचा हात माझ्या हातात होता, खांद्याइतका वर उचललेला. मी तो तसाच धरून विचारलं, "ह्यो हात सोडू?"

"तसा नाय. बापाशीचो कोण सोडूक सांगता? परक्यांचे..."

"तू परकोच होतस," मी म्हटलं. "परको होतस तेव्हाच तुझो पाय हातात घेतलंय."

 बाहेर कुणीतरी सायकलवरून गेलं. वडिलांचा हात मला जड झाला तेव्हा मी तो सावकाश खाली आणून चादरीवर ठेवला. त्यांचे डोळे मिटलेले होते, पण झोप लागलेली नव्हती, पापण्यांखाली बुबुळं हलत होती. आपण मुलीला शिकवलं त्याची किंमत ती भरते आहे असं त्यांना वाटत होतं का, हे मला कधी विचारता आलं नाही आणि त्यांना सांगता आलं नसतं.

तो उठला. पायऱ्या उतरला, सरळ, एका पायरीवर एक पाय टाकत. खाली अंगणात जाऊन थांबला आणि मागे वळून म्हणाला,

"व्यायाम चालू ठेवायचा ना?"

पुस्तकी मराठीत विचारलं त्याने. इतकं बोलणं झालं, पण मला रडू फुटलं ते त्या एका वाक्याने. मी ते आवरलं.

"हो. रोज करा," मी म्हटलं. "सोडू नका."

त्याचं लग्न पुढच्या उन्हाळ्यात झालं. मुलगी आतल्या गावातली होती, शेतकऱ्याची. पत्रिका आली, आईने ती फळीवर ठेवून दिली, कुणी गेलं नाही. मृगाच्या आधी वडिलांना दुसरा झटका आला आणि ते गेले. शेवटच्या दिवसात त्यांनी मला हाताने जवळ बोलावलं, माझा अंगठा आपल्या चांगल्या हाताने धरला आणि दाबत राहिले, मी लोकांचे स्नायू दाबते तसे. त्यांच्या बोटांत तेवढी ताकद राहिली नव्हती. पण कुठे दाबायचं ते त्यांनी माझं पाहून पाहून शिकून घेतलं होतं.

मी मुंबईला परतले. आई म्हणाली, दिवसकार्य इथे झालं, वर्षश्राद्ध होईपर्यंत मी घर सोडणार नाही. मी पुन्हा कामावर रुजू झाले. त्यानंतर काही महिन्यांनी सर तरुण डॉक्टरांसमोर खेळाडूंच्या गुडघ्यांबद्दल बोलत होते, आणि बोलता बोलता त्यांनी कोकणातल्या एका हुतुतूच्या खेळाडूचं उदाहरण दिलं. प्लास्टरनंतर वाळलेली मांडी, घरी शिवलेली वाळूची पिशवी, समुद्राची ओली आणि कोरडी वाळू, आणि शेवटी तो मैदानात उतरला आणि त्याच पायावर खेळला. सगळे खूश झाले. सरांनी मागे उभ्या असलेल्या माझ्याकडे बोट केलं आणि माझं कौतुक केलं. मी हसले. त्या गोष्टीचा शेवट चांगला झाला असंच तिथल्या सगळ्यांना वाटलं, आणि गुडघ्यापुरतं ते खरंही होतं.

वर्षश्राद्धानंतरही आईचा पाय घरातून निघायला आणखी एक वर्ष गेलं, मग मी तिला मुंबईला न्यायला आले. घराला कुलूप लावून, किल्ली मामाकडे देऊन आम्ही सकाळच्या गाडीत बसलो. बोट तेव्हा पावसामुळे बंद होती. कट्ट्याला गाडी बराच वेळ थांबली. मी पाय मोकळे करायला उतरले, आणि दुकानाच्या फळीपाशी तो उभा होता. कडेवर लहान मूल. ते मूल खाली उतरायला धडपडत होतं म्हणून तो उकिडवा बसला आणि त्याला जमिनीवर उभं करून पुन्हा उठला, हाताचा आधार न घेता. माझी नजर आधी त्या गुडघ्याकडेच गेली. चेहऱ्याकडे नंतर.

त्यानेही पाहिलं. जवळ आला.

"मास्तरांचा कळला," तो म्हणाला. "येवक जमला नाय."

"होय."

"आवशीक न्हेतस?"

"होय." मग मी विचारलं, "खेळतस मा?"

"सोडलंय."

"कित्या? ढोपर दुखता?"

"ढोपराक काय जावंक नाय. ता बरा आसा." त्याने मुलाचा हात धरला. "मैदानात उतरलंय काय कडेक बघतंय, कोण बसला आसा काय म्हणान. मगे सूर तुटता. हुतुतू म्हणताना सूर तुटलो काय संपला."

वाहकाने घंटी मारली. मला त्याला काहीतरी सांगायचं होतं, पण जे सांगण्यासारखं होतं ते त्या दोन वर्षांत शिळं झालं होतं, आणि मूल माझ्याकडे टक लावून बघत होतं. मी त्या मुलाच्या डोक्यावर हात ठेवला. गाडीत चढले. त्याने हात वगैरे केला नाही. गाडी वळेपर्यंत तो तिथेच उभा होता, दोन्ही पायांवर सारखा भार टाकून.

मी आईशेजारी बसले आणि खिडकीकडे तोंड करून रडले. एका सामन्यासाठी. पावसाळाभर आणि दिवाळीपर्यंत आम्ही दोघांनी त्या पायाला जे काही शिकवलं, ते एका सामन्यासाठी आणि उकिडवं बसून मूल उतरवण्यासाठी. असंच काहीतरी माझ्या मनात चाललं होतं. आईने मला विचारलं नाही. तिने त्याला खिडकीतून पाहिलं होतं. तिने फक्त आपला हात माझ्या मांडीवर ठेवला आणि वळणावर गाडी हलली की तो अधिक घट्ट दाबायची.

कसाल आलं तेव्हा गाडी पुन्हा थांबली. माझी आई जन्मात कधी हॉटेलात गेली नव्हती. परक्या हातचा चहासुद्धा ती पीत नसे, आणि वडील गेल्यापासून चार माणसांत फारशी बाहेर पडत नव्हती. ती उठली, पदर डोक्यावर घेतला, पुरुषांच्या गर्दीतून वाट काढत समोरच्या टपरीवर गेली, आणि दोन कप चहा घेऊन आली. एक मला दिला. दुसरा तिने स्वतः प्यायला, माझ्याबरोबर, गाडीच्या खिडकीशी उभ्याने.

"पी," ती म्हणाली. "लांब जावचा आसा."